वारज्याच्या काकूंची सीडी

डिस्कवरचं स्टिकर मी डोळे मिटूनसुद्धा काढू शकते, असं मी पूर्वी येताजाता सांगत असे. आता कुणी विचारलं तर विषय बदलते.

मी सिनेमाच्या वापरलेल्या डिस्क विकत घेते. सीडी, डीव्हीडी, जे हाती लागेल ते. आवडलेल्या स्वतःकडे ठेवते आणि उरलेल्या स्वच्छ करून माझ्यासारख्याच वेड्यांना विकते. माझा नवरा मला 'शिकलेली भंगारवाली' म्हणतो. म्हणू दे. जुना बाजार, रद्दीवाल्यांच्या दुकानातली मागची पोती, कुणाचं घर रिकामं होत असेल तर तिथला माळा, अशा ठिकाणी मी जेवढी मांडी घालून बसले असेन तेवढी देवासमोरही बसलेली नाही. एके काळी पुण्यात गल्लोगल्ली डिस्क भाड्याने देणाऱ्या लायब्रऱ्या होत्या. त्या बंद पडल्या आणि त्यांचा माल घरोघरी पांगला. त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या डिस्कवर कुठल्यातरी बंद पडलेल्या लायब्ररीचं स्टिकर असतं. त्यावर एक नंबर, आणि खाली 'ओरखडा पडल्यास दंड आकारला जाईल' अशी तंबी. गिऱ्हाइकाला ते नको असतं. मलाही बघवत नाही. स्टिकर दिसलं की माझी नखं शिवशिवायला लागतात.

काढायची पद्धत सोपी आहे. हेअर ड्रायरने जरा ऊब द्यायची, कड नखाने उचलायची, सावकाश ओढायचं आणि राहिलेला गोंद खोबरेल तेलाच्या बोळ्याने पुसायचा. पण हे फक्त डीव्हीडीला. सीडीच्या वाटेला जायचं नाही. डीव्हीडीत सिनेमा असलेला चकाकता थर दोन प्लॅस्टिकच्या मधोमध सुरक्षित असतो. सीडीत तोच थर अगदी वर, छापील बाजूच्या लगेच खाली असतो. लोक बिचारे खालची बाजू जिवापाड जपतात आणि वरच्या बाजूवर पेनाने नावं लिहितात. सीडीवरचं स्टिकर ओढलं की त्याला चिकटून सिनेमाच निघून येतो आणि तो परत चिकटत नाही. डिस्क जमवणाऱ्यांचा आमचा एक ग्रुप आहे, त्यावर हे मीच सगळ्यांना बजावलेलं आहे. एकदा नाही, दहा वेळा. आणि एका नवख्या माणसाने तसं केल्यावर त्याला 'डोळे काय गहाण ठेवले होते का?' असंही लिहिलेलं आहे.

वारज्याच्या काकूंचा फोन आला तो सोमवारी.

"जुन्या डिस्क घेता म्हणे तुम्ही?"

"घेते ना."

"पैसे देऊन, की उपकार म्हणून?"

मला हसू आलं. म्हटलं, "पैसे देऊन, काकू. उपकार करायची ऐपत नाही माझी."

त्याच दिवशी संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. काकू सत्तरीच्या पुढच्या, लहानखुऱ्या, बोलणं कात्रीसारखं. काका कारखान्यातून निवृत्त झालेले, सिनेमाचे भयंकर शौकीन. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा हिंजवडीला मोठ्या टॉवरमध्ये राहतो, तो आता आईला कायमचं घेऊन जाणार होता. रविवारी सकाळी टेम्पो ठरला होता. घरात सगळीकडे बोचकी आणि खोके होते. शोकेसवर बुद्धाची छोटी मूर्ती तेवढी अजून जागेवर होती, आणि खाली, चार खण भरून, डिस्क.

मला दुसरं काही दिसलंच नाही. खरं सांगते, काकूंनी चहा कधी आणून ठेवला तेही कळलं नाही. मी खाली बसून एकेक कव्हर उघडत होते, उजेडात धरून बघत होते, आणि मनातल्या मनात 'ही ठेवायची, ही विकायची' चाललेलं. व्यवहार झाला. मी पिशव्या बांधायला लागले तेव्हा काकू आतल्या खोलीत गेल्या आणि धुतलेल्या हातरुमालात गुंडाळलेलं एक डीव्हीडीचं कव्हर घेऊन आल्या.

"ही विकायची नाहीये. मधे मधे अडकते. नीट होते का बघा. यात आमचे हे आहेत."

"म्हणजे? काकांनी सिनेमात काम केलंय?"

"कामगारांच्या नाट्यस्पर्धेत कामं करायचे. तिथून कुणीतरी घेऊन गेलं होतं यांना."

सिनेमाचं नाव मी सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. आठवड्याभरात थिएटरातून उतरलेला मराठी सिनेमा. मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण मी नुसतं नाव ऐकलं होतं, डिस्क कधी पाहिली नव्हती. नेटवर त्याचा एक फोटोसुद्धा नाही. काकांनी ही डिस्क एक लायब्ररी बंद पडताना तिथल्या मालकाच्या मागे लागून मिळवली होती.

मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "काकू, तुम्ही निर्धास्त राहा. रविवारच्या आत चकाचक करून आणून देते."

"मी टीव्ही आणि प्लेअर शेवटपर्यंत बांधणार नाही," त्या म्हणाल्या. "मुलाकडे यातलं काही चालत नाही. तो म्हणतो, शोधून देईन मोबाइलवर. दोन वर्षं शोधतोय."

काका सिनेमात कोण झालेत, कुठे येतात, काहीही मी विचारलं नाही. विचारायला काय जीभ झिजली असती?

मंगळवारी दुपारी मी टेबल मांडून बसले. ड्रायर, तेल, कापसाचे बोळे, आणि समोर तीसेक डिस्कची चळत. फोन स्पीकरवर ठेवून मी एका गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होते. तो म्हणत होता कव्हर फाटकं आहे, मी म्हणत होते सिनेमा बघायचाय की कव्हर. बोलणं तोंडाचं आणि काम हाताचं, अशी माझी नेहमीची सवय. काकूंचं कव्हर मी मुद्दाम वेगळं ठेवलं होतं, पण ते वेगळं ठेवलेलंच आधी हातात आलं. डीव्हीडीच्या कव्हरातून निघाली म्हणून हाताने ती डीव्हीडीच धरली. ऊब दिली, कड उचलली, ओढलं.

स्टिकर फारच सहज आलं.

मी हातातली डिस्क पाहिली आणि तिच्यातून मला टेबलक्लॉथवरची निळी फुलं दिसली. बोटभर लांबीचा चौकोन, मधलं भोक आणि कड यांच्या अर्ध्यावरून थेट कडेपर्यंत, काचेसारखा आरपार. उलटं करून बघितलं तर स्टिकरच्या मागच्या बाजूला चंदेरी पापुद्रा चिकटलेला. फोनवरचा माणूस 'हॅलो, हॅलो' करत होता. मी तो कट केला. मग कव्हरात पाहिलं. आत आणखी एक डिस्क होती. सिनेमा दोन सीडींचा होता. मूळची डबी फुटली असणार, म्हणून कुणीतरी दोन्ही सीडी डीव्हीडीच्या कव्हरात ठेवल्या होत्या. हातातल्या डिस्कवर कडेला बारीक अक्षरांत 'भाग १' छापलेलं होतं. दुसरीवर स्टिकरच नव्हतं.

मी उठून पाणी प्यायला गेले आणि स्वयंपाकघरात कशाला आले तेच आठवेना.

संध्याकाळी नवरा घरी आला. मी सगळं सांगितलं. त्याने डिस्क उजेडात धरली, त्या चौकोनातून माझ्याकडे बघितलं आणि लगेच खाली ठेवली. मग म्हणाला, "अगं, पण ती आधीपासून अडकतच होती ना? त्यांनीच सांगितलं ना तसं? मग झालं तर. म्हणावं, जास्तच खराब झालेली होती."

मी त्याच्यावर खेकसले. पण त्याने सांगितलेलं मी विसरले नाही. पुढचे चार दिवस ते वाक्य माझ्या खिशातच होतं म्हणा ना. अधूनमधून मी त्याला हात लावून बघत होते.

पहिला उपाय म्हणजे दुसरी प्रत मिळवणं. ग्रुपवर टाकलं, 'तातडीने हवी आहे, वाटेल ते देईन.' कशाला हवी ते लिहायची हिंमत झाली नाही. ज्या बाईने लोकांना डोळ्यांवरून बोलून घेतलं, ती आता कुठल्या तोंडाने सांगणार? दिवसभर कुणाचं उत्तर नाही. गुरुवारी सकाळी कात्रजच्या एका जुन्या संग्राहकाचा निरोप आला: 'आहे माझ्याकडे. या.'

मी रिक्षाने गेले, बसची वाट बघायचा धीर नव्हता. वाटेत तीनदा फोन करून विचारलं, नक्की आहे ना? गृहस्थ वैतागले. "अहो, आहे म्हटलं ना! पळून चाललीय का ती?" पोचले तर घरात भिंतभर कव्हरं, सगळी प्लॅस्टिकमध्ये, नावांच्या क्रमाने. त्यांनी शिडी लावून ती काढली. कव्हर एकदम कोरं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. उघडलं तर आत भजनांची सीडी.

"आत काय आहे ते मी बघत नाही," ते शांतपणे म्हणाले. "मी कव्हरं जमवतो."

मी त्यांना काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी मला पाणी दिलं, एवढं मात्र आठवतं.

घरी येईपर्यंत काकूंचे दोन फोन येऊन गेले होते. मी उचलले नव्हते. तिसरा उचलला. "झाली का हो?" मी म्हणाले, "होतेय काकू. थोडं काम राहिलंय." आवाज असा निघाला की माझा मलाच ओळखू येईना. त्या म्हणाल्या, "घाई करू नका. नीट करा."

मग मला सुचलं ते आधीच सुचायला हवं होतं. सीडी आतून बाहेर वाचली जाते. म्हणजे सोललेल्या जागेपर्यंतचा सिनेमा शाबूत असणार. काकांचा प्रसंग आधी असेल तर वाचले मी! भाग दोनमध्ये असेल तर वाचलेच वाचले! शुक्रवारी सकाळी नवरा कामावर गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि माझ्या सगळ्यात जुन्या प्लेअरमध्ये डिस्क घातली. फिरता फिरता आणखी पापुद्रे उडतील की काय, या भीतीने मी प्लेअरवर हात ठेवून बसले होते.

सिनेमा लागला. गाव, पार, पाण्यावरून भांडण. साधाच सिनेमा. माझं लक्ष गोष्टीकडे नव्हतंच, मी माणसं मोजत होते. पोस्टमन आला, मी म्हटलं हेच असतील. मग सरपंच, कंडक्टर, दाढी करणारा न्हावी. यातले काका कोण? त्यांचा फोटो त्या घरात होता. हार घातलेला, शोकेसच्या वरच, भिंतीवर. एवढं आठवत होतं, कारण त्याच्या बरोबर खाली बसून मी दीड तास डिस्क चाळत होते. पण चेहरा? मिशी होती का? चष्मा? टक्कल? काही, काही आठवेना. एकदा मान वर केली असती तर! मला माझीच इतकी शरम वाटली की मी एकटी असून तोंडावर हात ठेवला.

अर्धा-पाऊण तास झाला असेल. कुणाच्या तरी घरी कुणीतरी गेलेलं. अंगणात तिरडी, भोवती बायका रडतायत, पुरुष हात बांधून उभे. मी त्या उभ्या माणसांचे चेहरे एकेक करून बघत होते, तेवढ्यात चित्राचे चौकोन चौकोन झाले, आवाज ट्ट-ट्ट-ट्ट करायला लागला आणि सगळं थांबलं. पुढे ढकलून बघितलं. नाही. डिस्क फिरली की प्रत्येक फेऱ्यात ती उघडी जागा येणार, तिथून पुढचं सगळं गेलंच. भाग दोन मात्र स्वच्छ चालला, अगदी शेवटपर्यंत. दोन्हीत मिळून मी अकरा माणसं मोजली. अकरांपैकी एक काका. किंवा कुणीच नाही, म्हणजे ते नेमके गेलेल्या भागात. काकूंना फोन करून विचारायचं तर काय विचारणार, 'काका दिसायला कसे होते हो?'

शनिवारी दुपारी मी गेले. जाताना रिक्षात मी दोन्ही वाक्यांची तालीम करत होते, खऱ्याची आणि खोट्याची. खोटं जास्त चांगलं वठत होतं.

हॉल रिकामा झाला होता. भिंतीवर फोटोच्या जागी एक खिळा आणि फिकट चौकोन. टीव्ही आणि प्लेअर तेवढे जमिनीवर मांडून ठेवलेले. काकूंनी माझ्या हातातून कव्हर घेतलं, न उघडताच साडीच्या पदराने पुसलं, परत माझ्याकडे दिलं आणि म्हणाल्या, "लावा तुम्हीच. मला ते बटण सापडत नाही." म्हणजे डिस्क त्यांनी बघितलीच नाही. मी ती पटकन आत सरकवली. रिमोट माझ्याकडेच राहिला. आमच्या दोघींसाठी एकच सतरंजी होती, त्यावर बसलो.

पोस्टमन आला. मी काकूंकडे चोरून बघितलं. काही नाही. सरपंच आला. नाही. कंडक्टर, न्हावी, नाही, नाही. काकू मात्र मजेत होत्या, मधेच म्हणाल्या, "हा सरपंच यांचाच मित्र. फार बोअर करायचा." मी कसंनुसं हसले. देवा, भाग दोनमध्ये असू दे, एवढंच मनात चाललेलं.

अंगण आलं. काकू सरसावून बसल्या.

"आता बघा."

"कुठले, काकू? ते डावीकडचे उभे आहेत ते?"

"उभे कसले? खाली बघा की. मेलेत ते."

मी बघितलं. तिरडीवर पांढरं कापड, आणि त्याच्या बाहेर एक चेहरा, डोळे मिटलेला. जाड भुवया. मिशी नव्हती.

"हा एवढा कापूस कोंबला होता नाकात," काकू हसायला लागल्या. "पाच वेळा घेतला हा शॉट. दिग्दर्शक ओरडायचा, प्रेताचं पोट हलतंय, श्वास धरा! यांना कुठला धरता येतोय, दम्याचा माणूस. शेवटी कंटाळून त्याने तसंच ठेवलं. आम्ही सगळे थिएटरात बघायला गेलो होतो. सगळे रडतायत आणि प्रेताचं पोट खाली-वर, खाली-वर! मुलगा तर खुर्चीवरून पडला हसून." मग त्यांचं हसू जरा कमी झालं. डोळे पडद्यावरच होते. "हे गेल्यापासून मी एवढंच लावून बघते. गेलेले दिसतात, आणि श्वास चालू असतो. हं, आता कॅमेरा जवळ जाईल. आता हलेल बघा."

चौकोन आले. ट्ट-ट्ट झालं. चित्र थांबलं. पांढरं कापड, जाड भुवया, मिटलेले डोळे.

"अडकते ती इथे," काकू म्हणाल्या. "पुढे जाईल."

आम्ही थांबलो.

"हलेल आता," काकू म्हणाल्या. त्यांनी टीव्हीच्या काचेवर, कापडाच्या मधोमध बोट ठेवलं होतं.

त्यांनीच मला वाट करून दिली होती. 'जास्तच खराब झालीय काकू,' एवढं म्हटलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला असता. माझं तोंडही उघडलं होतं त्यासाठी. पण ते बोट तिथे असताना मला ते जमलं नाही.

"काकू, ती पुढे जाणार नाही. माझ्या हातून झालंय. वरचं स्टिकर मी सोलून काढलं, त्याबरोबर पुढचा सगळा भाग निघून आला. मंगळवारीच झालं. चार दिवस मी तुमच्याशी खोटं बोलतेय."

काकूंनी बोट काढलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

"दिग्दर्शकाला पाच वेळा ओरडून जमलं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही एका नखात गप्प केलंत त्यांना."

रिमोट माझ्या हातात होता. बटण दाबून टीव्ही बंद करायचा माझा धीर होईना, आणि त्या बंद करा म्हणेनात.